जातिउद्भव: एका जातीच्या दोन होतात तेव्हा

उत्तर अमेरिकेत एक माशी आहे, जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीची, पारदर्शक पंखांवर काळे नागमोडी पट्टे असलेली. मूळची ती हॉथॉर्न या काटेरी झाडाची. त्याच्या बोराएवढ्या लाल फळांत अंडी घालायची. युरोपातून आलेल्या लोकांनी तिथे सफरचंदाच्या बागा लावल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर यातल्या काही माश्या सफरचंदांवर दिसू लागल्या.

बदल एवढाच. पण या माशीचे नर-मादी फळावरच भेटतात, मीलनही तिथेच होतं. सफरचंद हॉथॉर्नच्या तीन-चार आठवडे आधी पिकतं आणि प्रौढ माशी जगते साधारण महिनाभर. सफरचंदावरच्या माश्यांचे दिवस भरत येतात, तेव्हा हॉथॉर्नवरच्या कुठे कोशातून बाहेर पडू लागलेल्या असतात. झाडं शेजारी शेजारी असली तरी भेट चुकते. आता तर मातीखाली कोशात किती काळ काढायचा, यामागची जनुकंही दोन्ही गटांत वेगळी दिसतात.

एका जातीतून नवी जाती फुटण्याच्या या प्रक्रियेला जातिउद्भव म्हणतात. प्रजातीकरण हाही शब्द वापरात आहे. जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या व्याख्येचा गाभा प्रजनन हाच आहे: निसर्गात आपसांत प्रजनन करणारे जीव एका जातीचे. रंगरूप कितीही सारखं असो, हे थांबलं की वाटा वेगळ्या झाल्या.

बहुतेकदा वाट अडवतो तो भूगोल. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची चिंचोळी जमीन वर आली आणि एका समुद्राचे दोन झाले. नांगी वाजवणाऱ्या कोळंब्या दोन्हीकडे अडकल्या. आज दोन्ही किनाऱ्यांवरचे नर-मादी एकत्र ठेवले, तर बहुतेक वेळा ते जुळत नाहीत, एकमेकांवर नांग्या वाजवतात.

मला मात्र माशीच अधिक मोलाची वाटते. तिथे ना डोंगर आडवा आला, ना समुद्र. दुरावा पडला तो फळं पिकण्याच्या वेळेमुळे. शिवाय फाटाफूट अजून पुरती झालेली नाही. दर पिढीत ४ ते ६ टक्के सरमिसळ होतेच, त्यामुळे जाती घडताना पाहायला मिळते.

या माशीच्या अळ्यांत अंडी घालणारी एक इवलीशी परजीवी गांधीलमाशी आहे. फळ बदललं तसं तिचंही वेळापत्रक बदललं, आणि आता तिच्यातही दोन गट वेगळे होताना दिसत आहेत.