हिवाळी गिरिछायाचित्रण
हिवाळी गिरिछायाचित्रण : बर्फाळ डोंगरांत, बहुधा गोठणबिंदूखालच्या तापमानात, पायी चढाई करीत केलेले छायाचित्रण. कॅमेरा आणि तो हाताळणारा माणूस या दोघांना सांभाळण्याच्या रीती त्यातच मोडतात. प्रस्तुत नोंदीचा भर त्यांवर आहे. डिसेंबर ते फेब्रुवारीत महाराष्ट्रातून पुष्कळ लोक उत्तराखंड-हिमाचलच्या ट्रेकना जातात. उत्तराखंडातील सांक्री गावाहून (सु. १,९५० मी.) चढायचे केदारकंठा शिखर (सु. ३,८०० मी.) त्यांत विशेष लोकप्रिय आहे.

इतिहास : आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. पायथ्यावरून टिपलेले शिखर ग्राह्य धरले, तर सुरुवात डगेरोटाइपच्या (चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र घेण्याच्या पहिल्या पद्धतीच्या) काळात, म्हणजे १८४० च्या दशकात जाते. आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखराचे पहिले ‘सूर्यचित्र’ (म्हणजे छायाचित्र) आपण १८४९ मध्ये घेतले, असा इंग्रज कलासमीक्षक जॉन रस्किन यांचा दावा होता. मात्र फ्रेंच छायाचित्रकार जिरॉल द प्रांजे यांच्या आल्प्समधील प्लेटा साधारण त्याच सुमाराच्या असल्याने हे अग्रस्थान निर्विवाद मानता येत नाही. कॅमेरा उंचीवर नेणे हीच कसोटी धरली, तर फ्रेंच छायाचित्रकार ओग्युस्त-रोझाली बिसाँ यांनी जुलै १८६१ मध्ये आल्प्समधील माँ ब्लाँ शिखराच्या माथ्यावरून घेतलेली चित्रे पुढे येतात. या विषयाचे मर्म चढाईत असल्याने दुसरी कसोटी अधिक सयुक्तिक वाटते. तेव्हा चित्र ओल्या कलोडियनच्या (चिकट रासायनिक लेपाच्या) काचेवर घेत; ती वाळण्याआधीच कॅमेऱ्यात उजेड देऊन धुवावी लागे. त्यामुळे रसायने, काचा आणि अंधारा तंबू वाहायला हमालांचा तांडाच लागे. इंग्रज छायाचित्रकार सॅम्युएल बोर्न यांनी १८६६ मध्ये याच पद्धतीने हिमालयातील मानिरंग खिंडीत (सु. ५,६०० मी.) छायाचित्रे घेतली. ही सर्व कामे उन्हाळ्यातली. खास हिवाळ्याचा विचार करता इटालियन छायाचित्रकार व्हित्तोरिओ सेल्ला यांचे नाव आधी घ्यावे लागते. मार्च १८८२ मध्ये मॅटरहॉर्न हिवाळ्यात प्रथम सर करणाऱ्या चमूत ते होते. पुढे १८९९ मध्ये कांचनजंगेच्या परिक्रमेत आणि १९०९ मध्ये के-२ च्या मोहिमेत त्यांनी मोठ्या काचांवर काम केले.

थंडीचा उपकरणांवर परिणाम : बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ०° ते ४०° से. छापलेली असते. प्रत्यक्षात -१०° ते -१५° से.मध्येही चांगला कॅमेरा सहसा चालतो. आधी मान टाकते ती बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीतील विद्युत अपघटनी द्रव थंडीत दाट होतो, आंतरिक रोध वाढतो आणि विद्युतभार शिल्लक असूनही व्होल्टेज कोसळते. कॅमेरा ‘बॅटरी संपली’ असे दाखवतो ते यामुळे. तीच बॅटरी अर्धा तास अंगाच्या उबेत राहिली की पुन्हा बरीच चित्रे देते. म्हणून दिवसाला तीन-चार बॅटऱ्या आतल्या थराच्या खिशात ठेवाव्यात, वापरलेलीवर रबरबँड चढवावा आणि आळीपाळीने बदलाव्यात. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचा सेन्सर आणि दृश्यपटल सतत जागे असल्याने त्याला एक जास्त लागते. ०° से.खाली बॅटरी चार्ज करू नये. तसे केल्यास ऋणाग्रावर (बॅटरीच्या ऋण टोकावर) धातुरूप लिथियम साचते आणि ते नुकसान कायमचे असते. पॉवरबँक आणि बॅटरी दोन्ही स्लीपिंग बॅगेत ऊब धरल्यावरच जोडाव्यात. विमानाने डेहराडूनला जाणाऱ्यांनी सुट्या बॅटऱ्या व पॉवरबँक केबिनच्या सामानातच ठेवाव्यात.

एलसीडी पडदा मंदावतो, वायरी कडक होऊन तडकतात, ट्रायपॉडच्या पिळाच्या कड्यांत शिरलेले पाणी गोठून पाय अडकतात. मुक्कामी पोचल्यावर पाय पूर्ण उघडून पुसून ठेवावेत. बर्फात ट्रायपॉड रोवताना पाय आधी थोडे मिटलेले ठेवून खाली दाबावेत. पूर्ण फाकवून दाबल्यास सांध्यावर ताण येऊन तो मोडतो. धातूच्या पायांना सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळली की हाताला चटका बसत नाही.

ओल : कॅमेरा थंडीने क्वचितच बिघडतो, ओलीने मात्र हमखास बिघडतो. खोलीत २०° से. तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते तो) सु. ९° से. येतो. -१०° से. इतका गारठलेला कॅमेरा तेथे आणताच त्याच्यावर, आणि हवा आत शिरेल तसे भिंगांच्या मागे व सर्किटवरही पाणी धरते. बुखारी (खोली तापवण्याची शेगडी) पेटलेली, चहाच्या वाफेने भरलेली खोली किंवा स्वयंपाकाचा तंबू यांत धोका सर्वांत जास्त.

उपाय साधा आहे, पण तो दाराबाहेरच करावा लागतो. कॅमेरा बंद करून कार्ड आणि बॅटरी काढून घ्यावी. कोरडी झिपची पिशवी घेऊन कॅमेरा तीत ठेवावा, हवा दाबून काढावी, तोंड घट्ट बंद करावे. ही पिशवी फोमच्या बॅगेत घालून बुखारीपासून दूर, दाराजवळ दोन-तीन तास राहू द्यावी. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमते, आत नाही. फोटो पाहायची घाई कार्डावर भागते, कॅमेरा उघडण्याची गरज नसते. सिलिका जेलची पुडी सोबत असावी. ती मुरलेली ओल हळूहळू शोषते, पण हवाबंद पिशवीची जागा घेऊ शकत नाही. कॅमेऱ्यावर पाणी धरलेच, तर तो चालू करू नये, लेन्स काढू नये, शेकू नये. बॅटरी काढून कोरड्या हवेत तसाच ठेवावा.

चालताना कॅमेरा जॅकेटच्या आत ठेवावा की बाहेर, याविषयी जाणकारांत दोन तट आहेत. आत ठेवल्याने बॅटरी टिकते हे खरे. पण चढताना जॅकेटमध्ये घामाची वाफ साचलेली असते, ती कॅमेऱ्यावर बसते आणि बाहेर काढताच भिंगावर गोठते. बॅटरी आत, कॅमेरा बाहेर, हा पक्ष अधिक पटणारा आहे. मोबाइल मात्र छोट्या पिशवीत घालून आतच ठेवावा. भिंगावरचे हिम फुंकून उडवू नये, कारण श्वासाची वाफ तेथेच गोठते. रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश वापरावा.

छायाचित्रकाराची सुरक्षितता : सोबतचे लोक चालत असतात तेव्हा छायाचित्रकार थांबलेला असतो. चढताना भिजलेला आतला थर थांबताच अंगाची ऊब ओढून नेतो. म्हणून थांबल्याबरोबर, कॅमेऱ्याला हात लावण्याआधी, जाड डाउन (पिसांचे) जॅकेट चढवावे. तापमान -१०° से. आणि वारा ताशी ३० किमी. असेल, तर उघड्या कातडीला -२०° से.चा गारठा जाणवतो. हातांसाठी आत पातळ लोकरी हातमोजा आणि वर मनगटाला दोरीने बांधलेला मिटन (चार बोटे एकत्र राहतील असा जाड हातमोजा) असावा. कळ दाबण्यापुरताच मिटन काढावा. बोट पांढरे, मेणासारखे आणि बधिर झाले तर हिमदंशाची सुरुवात समजावी. ते चोळू नये, बर्फ तर मुळीच लावू नये. पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेव्हाच ३७° ते ३९° से. पाण्यात बुडवून ऊब द्यावी. शक्यता असेल तर कोरडे झाकून खाली उतरावे.

शिखराच्या कडेला वाऱ्याने साचलेला हिमछज्जा वरून भरीव जमिनीसारखा दिसतो आणि तुटतो तो कडेपासून बऱ्याच आत. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एकही पाऊल टाकू नये. हिमस्खलने बहुतांशी ३०° ते ४५° उताराच्या अंगावर होतात. हिमवृष्टीनंतरचा पहिला निरभ्र दिवस चित्राला सर्वांत देखणा, आणि उतारांवर सर्वांत घातक. त्या दिवशी मोठ्या उताराखाली ट्रायपॉड लावू नये. हिमालयातील हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची (संरक्षण संशोधन व विकास संघटनेची) चंडीगडस्थित डीजीआरई ही संस्था देते. मनालीची पूर्वीची सासे ही हिम व हिमस्खलनाचा अभ्यास करणारी संस्था २०२० मध्ये तीत विलीन झाली.

सूर्योदयासाठी पहाटे तीन-चारला निघावे लागते. हेडलॅम्प, मायक्रोस्पाइक (बुटाखाली बांधायचे खिळे) आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ न देणारे पोटरीचे आवरण) यांना कॅमेऱ्याआधी बॅगेत जागा मिळाली पाहिजे. ३,००० मी.च्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मी.पेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा तोल जाणे, ही उंचीच्या आजाराची लक्षणे, सुरू झाली, तर चित्र सोडून उतरावे.

प्रकाशमापन : बर्फ करडा येऊ नये म्हणून मापनाला +१ ते +२ ईव्ही (उजेडाच्या पायऱ्या; +१ म्हणजे दुप्पट उजेड) द्यावे.

सह्याद्री : महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी काही हिवाळ्यांत पहाटे दवाचे हिमकण होतात, एरवी येथे प्रश्न दवाचाच. किल्ल्यावर रात्री ताऱ्यांची दीर्घ चित्रे घेताना लेन्सचे तोंड आकाशाकडे उष्णता गमावून हवेपेक्षा थंड पडते आणि तासाभरात धुरकटते. लोहचूर्णाची हातऊब पुडी रबरबँडने लेन्सच्या पुढच्या कड्यापाशी बांधली की भिंग दवबिंदूच्या वर राहते. पुडीला ऑक्सिजन लागतो; बंद पिशवीत ती विझते.