मोलिना काम्पोस, फ्लोरेन्सिओ

मोलिना काम्पोस, फ्लोरेन्सिओ : (२१ ऑगस्ट १८९१ – १६ नोव्हेंबर १९५९). अर्जेंटिनाचे चित्रकार. पाम्पाच्या गवताळ मैदानावर घोड्यावरून गुरे राखणारे गाउचो आणि त्यांची घोडी हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय.

जन्म ब्वेनोस आइरेस शहरात, जमीनदार घराण्यात. शाळेला सुटी लागली की कुटुंब आपल्या एस्तान्सियावर, म्हणजे गुराघोड्यांच्या विस्तीर्ण कुरणावर, मुक्कामाला जाई. आधी तुयू भागात, पुढे एन्त्रे रिओस प्रांतातील चाहारी येथे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. लहानपणी तिथे जे पाहिले तीच त्यांची शाळा.

त्यांचा घोडा लांबून ओळखू येतो. बटबटीत डोळे, विचकलेले मोठाले दात, फेंदारलेल्या नाकपुड्या, कमान झालेली पाठ. म्हणून त्यांना अनेकदा व्यंगचित्रकार म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. चेहरा कितीही ताणलेला असला, तरी खोगिराखालचे थर, कातडी लगाम, फास टाकायचा दोर आणि उधळलेल्या घोड्यावरील स्वाराची बैठक यांत चूक सापडत नाही. रंगाचेही तसेच. आपल्याकडे जसे अबलख, कुमाईत, पंचकल्याणी, तसे पाम्पात तोबियानो, साइनो, आलासान असे कितीतरी शब्द आहेत, आणि त्यांच्या चित्रातला घोडा यांपैकी नेमका कोणता हे तिथला राखणदार पाहताक्षणी सांगू शकतो. क्षितिज अगदी तळाशी, वर नुसते आकाश. घोड्यावर बसलेल्या पोराला मैदान असेच दिसत असणार. काम बहुतेक गॉशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगांत.

पहिले प्रदर्शन १९२६ मध्ये ब्वेनोस आइरेसच्या पालेर्मो भागात, ग्रामीण पशुपालक संघाच्या आवारात भरले. राष्ट्राध्यक्ष आल्व्हेआर यांनी ते पाहिले आणि काम्पोस यांना चित्रकला शिक्षकाची नोकरी मिळाली. मात्र त्यांना घरोघरी नेले ते दिनदर्शिकांनी. ‘आल्पार्गातास’ या पादत्राणे व कापड बनवणाऱ्या कंपनीसाठी १९३१ पासून त्यांनी दर महिन्याला एक याप्रमाणे चित्रे केली. ज्यांनी कधी कलादालनाची पायरी चढली नव्हती, त्यांच्या स्वयंपाकघरांत आणि गावच्या दुकानांत ती लागली; वर्ष संपल्यावरही लोक ती जपून ठेवत. पुढे ‘मिनिआपोलिस-मोलिन’ या अमेरिकी ट्रॅक्टर कंपनीच्या दिनदर्शिकांवरही त्यांची घोडी झळकली. शेतातून घोड्याला हटवणारे यंत्र विकणाऱ्यांनाही भिंतीवर घोडाच हवासा वाटला.

१९४२ च्या सुमारास वॉल्ट डिझ्नी यांनी गाउचो जीवनावरील चित्रपटांसाठी त्यांना सल्लागार नेमले. पोशाख आणि चालीरीतींच्या तपशिलांवरून तिथे त्यांचे पटले नाही. ज्याला खोगिराचा प्रत्येक पट्टा ठाऊक, त्याने तडजोड करावी तरी कशी?

ब्वेनोस आइरेसच्या पश्चिमेला मोरेनो येथे त्यांनी नदीकाठी साधेसे ग्रामीण घर बांधले होते. त्याचे नाव ‘लोस एस्त्रिबोस’, म्हणजे रिकिबी.