चारपासून शून्यापर्यंत

कुंडलीचं समर्थन करणारे एक वक्ते परवा म्हणाले, “सगळं सिद्ध करता येत नाही, हे गोडेलनेच दाखवलंय. मग पुरावा आमच्याकडेच का मागता?” टाळ्या पडल्या. मला वाईट वाटलं, कारण इतक्या सुंदर प्रमेयाची ही मोडतोड होती.

तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलने १९३१ साली दाखवलं ते फार नेमकं आहे. बेरीज-गुणाकार पेलणारी, विसंगती नसलेली आणि पायरीपायरीने तपासता येणारी कोणतीही नियमावली घ्या. संख्यांबद्दलचं एखादं खरं विधान तिच्यातून सिद्ध न होता निसटतंच. ग्रहांवरून माणसाचं भविष्य कळतं का, हा प्रश्न त्यात येत नाही. तो पडताळून पाहता येतो, आणि पाहायलाच हवा.

असं निसटणारं माझं आवडतं विधान सांगतो. उदाहरणादाखल ४ घ्या, म्हणजे २ चा २ रा घात. दिसेल त्या प्रत्येक २ च्या जागी ३ लिहा आणि १ वजा करा. ३ चा ३ रा घात २७, उरले २६. आता २६ म्हणजे ९ च्या दोन नोटा, ३ च्या दोन आणि १ ची दोन नाणी. पाया, म्हणजे ज्या संख्येच्या घातांच्या या नोटा आहेत ती, ३ चा ४ करा: १६ च्या दोन, ४ च्या दोन, दोन नाणी. झाले ४२, वजा १, ४१. पुढे दर वेळी पाया एकाने वाढवून १ वजा करा: ६०, ८३, १०९. ही रांग चढत चढत १२ कोटींहून जास्त अंकी संख्येला पोचते. आणि तरीही शेवटी शून्यावर येते!

का? नाणी संपली की १ देण्यासाठी नोट मोडावी लागते. नोटांची किंमत दर पायरीला फुगते, पण मोडलेली मोठी नोट परत जोडली जात नाही.

मोठ्या संख्यांत घाताच्या डोक्यावर पुन्हा घात चढतात, तिथे नोटांचा हिशेब पुरत नाही. रूबेन गुडस्टीन या इंग्रज गणितज्ञाने १९४४ साली पायाच्या जागी गणितज्ञ कॅन्टॉरचा अनंत क्रमांक ओमेगा, म्हणजे १, २, ३… या सगळ्यांच्या पुढचा क्रमांक, बसवला. पाया २ चा ३ झाला तरी ओमेगाचं रूप तेच राहतं, १ वजा केल्यावर मात्र ते दर वेळी घटतं. आणि असे क्रमांक अखंड घटत राहू शकत नाहीत. म्हणून कोणत्याही संख्येपासून निघालात तरी शेवट शून्यच.

१९८२ मध्ये लॉरी कर्बी आणि जेफ पॅरिस या गणितज्ञांनी दाखवलं की नेहमीच्या अंकगणिताचे पेआनोचे नियम विसंगतीमुक्त असतील, तर हे प्रमेय त्यांतून सिद्ध होऊच शकत नाही. बाहेरून अनंताची मदत घ्यावीच लागते. त्या नियमांत ४ ची सिद्धता निघते, ५ ची निघते, तुम्ही म्हणाल त्या संख्येची निघते. सगळ्यांची एकगठ्ठा निघत नाही.