बिल कमी होणं वेगळं, वीज कमी लागणं वेगळं

इंदूरच्या मराठी घरांत एप्रिल-मेमध्ये विजेचा विषय निघाला की दोन गोष्टींची हमखास सरमिसळ होते: बिल कमी येणं आणि वीज कमी लागणं. सरकारने सवलत दिली तरी आपण म्हणतो वीज वाचली, आणि पाच ताऱ्यांचा फ्रिज आणला की बिल आपोआप उतरेल असं धरून चालतो. खरं तर पहिली गोष्ट दरपत्रकावर आणि सरकारी तिजोरीवर ठरते. दुसरी ठरते पंख्याच्या मोटरीत आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये. दोन्हींचे कायदे वेगळे, कचेऱ्याही वेगळ्या. हा फरक नीट कळला नाही तर माणूस चुकीच्या जागी पैसे घालतो आणि चुकीच्या दारात तक्रार घेऊन जातो.

आधी बिलाची बाजू. वीज कायदा २००३ प्रमाणे विजेचा दर राज्याचा नियामक आयोग ठरवतो. आपला मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोग भोपाळला आहे, १९९८ पासून. इंदूर आणि उज्जैन विभागांना वीज देणाऱ्या पश्चिम क्षेत्र वितरण कंपनीचं मुख्यालय इंदूरमध्येच पोलोग्राउंडला आहे, त्यामुळे लोकांना वाटतं दर तिथेच वाढतात. तसं नाही. कंपनी खर्चाचा हिशेब मांडून आयोगाकडे याचिका करते, ती जाहीर होते, लोकांच्या हरकती मागवल्या जातात आणि कायद्याप्रमाणे १२० दिवसांत आयोगाला निर्णय द्यावा लागतो. सरकारला एखाद्या वर्गाला त्याहून स्वस्त वीज द्यायची असेल, तर कलम ६५ सांगतं की फरकाची रक्कम सरकारने कंपनीला आगाऊ भरावी. म्हणजे दर आयोगाचा आणि सवलत सरकारची. बिलावर येणारं विद्युत शुल्कही सरकारचंच. तो कर आहे, आयोगाचा त्याच्याशी संबंध नाही.

आता दुसरी बाजू. तिचा कायदा ऊर्जा संवर्धन कायदा २००१. त्याखाली १ मार्च २००२ ला दिल्लीत ऊर्जा दक्षता ब्युरो सुरू झाला. २००६ पासून उपकरणांवर तारे दिसू लागले. २०१० पासून घरगुती एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिजवर, तर २०२३ पासून छताच्या पंख्यावर तारांकन सक्तीचं झालं. २०२० पासून एसी सुरू करताच तो २४ अंशांवर लागला पाहिजे, हाही याच बाजूचा नियम. राज्यात हे काम भोपाळचं ऊर्जा विकास निगम पाहतं. तुमचं बिल किती आलं याच्याशी ब्युरोला काही देणंघेणं नाही. एक पंखा तेवढाच वारा किती वॉटमध्ये देतो, एवढाच त्याचा प्रश्न.

या दोन वाटा आपल्याकडे एका आकड्यावर येऊन मिळतात. तो आकडा १५०.

राज्य सरकारच्या अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटांपर्यंत वापर असेल तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये लागतात आणि त्यापुढच्या युनिटांना आयोगाचा दर. उरलेला फरक सरकार भरतं. हिशेब ३० दिवसांवर, म्हणजे रोजच्या ५ युनिटांच्या सरासरीवर होतो. १५० ओलांडले की सवलत पूर्ण जाते, अगदी पहिल्या युनिटापासून. शिवाय दीडशेनंतरच्या युनिटांना वरच्या टप्प्याचा दर लागतो.

आणखी एक गोष्ट बिलात लपलेली असते. नियत प्रभार, म्हणजे जोडणीच्या भारावर लागणारा आकार, नावाप्रमाणे कायम असेल अशी आपली समजूत. पण आपल्या राज्यात दीडशेच्या वर वापर गेला की तो वापरलेल्या युनिटांवरून काढतात: दर १५ युनिटं किंवा त्यांचा भाग म्हणजे ०.१ किलोवॉट भार. ३५० युनिटं जळली तर २.४ किलोवॉटचा नियत प्रभार लागतो. म्हणून मे महिन्यात ऊर्जा प्रभाराबरोबर, म्हणजे युनिटांच्या पैशांबरोबर, ही ओळही फुगते आणि लोक म्हणतात मीटर पळतंय. मीटर बरोबर असतं. दरपत्रकच तसं आहे.

आता एक पंखा घेऊ. जुना पंखा साधारण ७५ वॉट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा ३० च्या आसपास. रोज १४ तास चालला तर महिन्याला जुन्याला ३१.५ युनिटं लागतात, नव्याला १२.६. एका पंख्यामागे जवळजवळ १९ युनिटं वाचली. रामबागेतल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरात मे महिन्यात १६५ युनिटं होत असतील, तर सगळ्यात जास्त चालणारा एकच पंखा बदलला की आकडा १४६ वर येतो. वीज वाचली १९ युनिटं, पण सवलत परत मिळाल्यामुळे बिल निम्म्याच्याही खाली जाऊ शकतं. इथे दोन्ही कायदे एकमेकांना हात देतात, आणि ज्यांचा वापर दीडशेच्या आसपास घुटमळतो त्या घरांनी याचा फायदा घेतलाच पाहिजे.

पण शेजारच्या काकूंनी मला विचारलं तेही खोटं नाही. "अरे, आमचं बिल शंभरच्या वर जात नाही. तीन हजारांचा पंखा घेऊन मी काय करू?"

मी म्हटलं, "काकू, तुमच्या पैशाच्या हिशेबाने आहे तो पंखा चालू दे. बिघडला की मात्र नवा तसलाच घ्या."

त्यांचा वापर ८०-९० युनिटांचा आहे. त्यांनी २० युनिटं वाचवली तर फायदा होतो तो सरकारी तिजोरीला, कारण त्या युनिटांचा फरक सरकार भरतंय. माझं ठाम मत आहे की अशा घरांना अनुदानाबरोबर चांगला पंखाही मिळायला हवा. दरवर्षी त्याच वाया जाणाऱ्या युनिटांचा फरक भरत राहण्यापेक्षा ती युनिटं लागूच नयेत, हे राज्याच्याही फायद्याचं आहे.

शेतीत हे अंतर आणखी ठळक दिसतं. माळव्यात गव्हाच्या हंगामात मोटरपंप रात्रंदिवस चालतात. १० अश्वशक्तीपर्यंतच्या मीटर नसलेल्या कायम जोडणीला शेतकरी वर्षाला दर अश्वशक्तीमागे ७५० रुपये भरतो. पंप कमी चालला काय नि जास्त, रक्कम तीच. शेतकऱ्याला दिलासा मिळायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण अशा दरात चांगला पंप बसवण्याचं कारणच उरत नाही. बिल कमी आणि वीज भरपूर, अशी ही स्थिती.

महापालिकेचं उदाहरण तर आपल्या नळातलंच आहे. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं, नदीकाठच्या जलूदहून पंपांनी चढवून. त्या पंपांचं वीजबिल पालिकेला जड जातं, म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये पालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे) थेट जनतेला विकायला काढले आणि त्यातून जलूदला ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाचं काम हाती घेतलं. काम मोलाचं आहे आणि इंदूरकर म्हणून मला त्याचा अभिमान आहे. पण सौर वीज आली म्हणून पाणी चढवायला लागणारी ऊर्जा कमी होत नाही, तिचा खर्च आणि धूर कमी होतो. ऊर्जा कमी होईल ती पंपाची कार्यक्षमता सुधारली की, आणि जलवाहिन्यांची गळती थांबली की. गळणारं प्रत्येक लिटर आधी नर्मदेच्या खोऱ्यातून वर चढवलेलं असतं.

घराच्या छतावरच्या सौर पॅनलचंही हेच. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, छतावरून बाहेर गेलेली वीज वापरातून वजा करणाऱ्या नेट मीटरमुळे बिल घसरतं, पण घराची भूक तीच राहते. म्हणून आधी पंखे-दिवे बदलावेत, मग पॅनल किती किलोवॉटचं घ्यायचं ते ठरवावं. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट छत लागतं, आणि जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींत तेवढं छत वाट्याला येणं कठीण आहे.

या दोन बाजूंच्या मधलीही एक जात आहे. स्मार्ट मीटर (कोणत्या वेळी किती वीज लागली ते नोंदवणारं मीटर) असलेल्या घरांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर २० टक्के सूट मिळते. वॉशिंग मशीन आणि पाण्याची मोटर दुपारी चालवली तर बिल उतरतं, पण युनिटं तेवढीच राहतात. तरी ही सूट मला आवडते. दुपारी सौर वीज भरपूर असते आणि संध्याकाळचा भार कोळशावर जातो, त्यामुळे वेळ बदलल्यानेही काही साधतं.

ताऱ्यांच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगा. तारे त्याच जातीच्या उपकरणांशी तुलना करतात. पाच ताऱ्यांचा दोन टनी एसी तीन ताऱ्यांच्या एक टनी एसीपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लेबलावर वर्षाची युनिटं छापलेली असतात (एसीसाठी १६०० तास धरून), तो आकडा आधी वाचा. लेबलाचं वर्षही बघा, कारण निकष कडक होत जातात. जुलै २०२२ मध्ये पाच ताऱ्यांचे एसी एक तारा खाली आले. आणि माळव्याच्या कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम चालतो, रात्री गार होतात. कूलर काढून पाच ताऱ्यांचा एसी लावला तर वीज वाढणारच, तारे कितीही असोत.

बिलात घोळ असेल तर आधी कंपनीकडे जा, तिथे काम झालं नाही तर विद्युत ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे, आणि त्यावर भोपाळला विद्युत लोकपाल. एकेका बिलाचा वाद आयोग स्वतः ऐकत नाही. लेबलावर लिहिल्यापेक्षा फ्रिज जास्त वीज खात असेल तर यांपैकी कुणीच कामाचं नाही, ती गोष्ट ब्युरोची आणि ऊर्जा विकास निगमाची.

दर नको तेवढे वाढताहेत असं वाटत असेल तर त्याचीही जागा आहे. वितरण कंपन्यांची याचिका जाहीर झाली की मुदतीत लेखी हरकत कोणालाही पाठवता येते, आणि आयोग आपल्या आदेशात हरकती आणि त्यांवरची उत्तरं छापतो. आपल्या मंडळांपैकी एखाद्याने यंदा एवढंच विचारावं: ग्राहकांची वीज कमी लागावी म्हणून कंपनी वर्षभरात काय करणार आहे, आणि त्यासाठी किती पैसे ठेवले आहेत?