फोर्डने मजुरी दुप्पट का केली?

कामगारांना आपलीच मोटार विकत घेता यावी म्हणून हेन्री फोर्डने त्यांची मजुरी दुप्पट केली, ही गोष्ट व्याख्यानांत आणि व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरते आहे. ती खरी नाही.

खरी अडचण होती ती काम सोडून जाणाऱ्या माणसांची. १९१३ मध्ये मिशिगनमधल्या हायलँड पार्क कारखान्यात सरकता पट्टा आला आणि माणूस दिवसभर एकच हालचाल करत उभा राहू लागला. लोक कंटाळून निघून जात. त्या वर्षी सुमारे १४,००० कामगारांचा कारखाना चालू ठेवायला ५२,००० हून अधिक माणसं घ्यावी लागली! म्हणून जानेवारी १९१४ मध्ये रोज ५ डॉलर आणि ८ तासांची पाळी जाहीर झाली.

गणितही पाहा. सगळ्या कामगारांनी एकेक गाडी घेतली असती, तरी वर्षाला दोन लाखांहून अधिक गाड्या काढणाऱ्या कंपनीला त्याचं काय?

शिवाय वाढीव रक्कम म्हणजे अटींवर मिळणारा ‘नफ्यातला वाटा’ होता. कंपनीचे तपासनीस घरी येऊन दारू, बचत, स्वच्छता तपासत. हा अपमानास्पद भाग व्याख्यानांत कधीच येत नाही, तो यायला हवा. तरीही माणसं टिकली: सोडून जाण्याचं वार्षिक प्रमाण ३७० टक्क्यांवरून १९१५ पर्यंत १६ टक्क्यांवर आलं.