लिंबू शेवटी, आच बंद केल्यावर

पातेल्यात सगळं छान चाललं होतं. नारळाचं दूध मंद आचेवर हलत होतं, मश्रूम शिजले होते, वासाने भूक चाळवली होती. घाईघाईत मी अख्खं लिंबू त्या गरम सूपमध्ये पिळलं आणि गप्पांच्या नादात आच मोठीच राहिली. परत येऊन बघते तर वर तेलाचे चकचकीत थेंब, खाली फिकट पाणी आणि मधे ताक फुटल्यासारखे पांढरे कण. चव वाईट नव्हती. पण ज्या सूपची निम्मी मजा त्याच्या मऊ, गुळगुळीत घोटात असते, ते असं चोथापाणी झालेलं बघवत नाही.

हे सूप म्हणजे थायलंडमधलं तोम खा. थाई भाषेत ‘तोम’ म्हणजे उकळणं आणि ‘खा’ म्हणजे कुलिंजन, आल्यासारखा एक कंद. मश्रूम घालून केलं की ते तोम खा हेत. त्याचं जास्त प्रसिद्ध भावंड तोम यम. त्यातलं कोळंबीचं तोम यम कुंग 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं. दोघांचा पाया एकच: कुलिंजन, गवती चहा आणि माक्रूत नावाच्या खडबडीत सालीच्या लिंबाची पानं. गंमत म्हणजे या तिन्ही गोष्टी खायच्या नसतात. वास काढून घ्यायचा आणि जेवताना वाटीच्या कडेला सारायच्या. पहिल्यांदा खाणारा हमखास कुलिंजनाची चकती चावत बसतो.

या सूपचं सगळं गणित एका गोष्टीवर चालतं. त्याचा वास तेलात राहतो आणि चव पाण्यात.

आधी वास. गवती चहाची इथे पात नको, बुडाकडचा पांढरट, जाड दांडा हवा. तो बत्त्याने ठेचायचा, कारण सुगंधी तेल पेशींमध्ये कोंडलेलं असतं आणि अख्खा दांडा टाकला तर त्यातलं बरंचसं आतच राहतं. या तेलाचा मोठा भाग सिट्राल. हे दोन जुळ्या रेणूंचं मिश्रण आहे. जिरॅनियल आणि नेराल या दोघांमध्ये अणू तेच आणि तेवढेच, फक्त एका दुहेरी बंधापाशी वळण वेगळं. लिंबाच्या वासातही सिट्राल असतं, पण ते स्वतः आंबट नाही. त्यामुळे गवती चहा नाकाला ‘लिंबू’ म्हणून सांगतो आणि जिभेला काहीच सांगत नाही. माक्रूतचं पान उजेडासमोर धरून बघा. एकापुढे एक जोडलेली दोन पानं वाटतात, आणि त्यात सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान मधोमध फाडलं की त्या फुटतात आणि सिट्रोनेलल बाहेर पडतं. कुलिंजन आल्याच्या कुळातलं, पण त्याच्या वासात सिनिओल आहे, म्हणजे निलगिरीच्या तेलातला मुख्य घटक. कुलिंजनाऐवजी आलं चालतं का, असं लोक विचारतात. सूप होईल, तोम खा होणार नाही.

हे सगळे रेणू पाण्याशी फटकून राहणारे आणि वाफेबरोबर उडून जाणारे. नुसत्या पाण्यात खळखळ उकळले तर घर घमघमतं, पण जो वास घरभर पसरला तो वाटीत येत नाही. नारळाच्या दुधातली चरबी त्यांना धरून ठेवते. म्हणूनच तोम यमच्या नितळ सूपचा वास पहिल्याच घोटाला नाकात शिरतो, आणि तोम खाचा थोडा उशिरा येऊन घोट गिळल्यावरही रेंगाळतो.

मिरचीचंही तसंच. तिला तिखट करणारं कॅप्सेसिन चरबीत विरघळतं, त्यामुळे तोम खामध्ये तिखटाची धार बोथट होते. तिखट ही मुळात चव नाहीच. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये कॅप्सेसिन ज्यावर काम करतं तो चेतातंतूंवरचा ग्राहक (रिसेप्टर) शोधला आणि त्याच शोधासाठी त्यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं. हा ग्राहक साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेलाही जागा होतो. तेच सूप कोमट झाल्यावर कमी तिखट लागतं ते त्यामुळे. जाता जाता: थाई लोक मिरीला ‘प्रिक थाय’, म्हणजे थाई प्रिक, म्हणतात. नुसतं ‘प्रिक’ म्हटलं की मिरची. अमेरिका खंडातून आलेल्या पाहुणीने मूळ मालकिणीचं नावच घेतलं.

आता फुटलेल्या सूपकडे. नारळाचं दूध म्हणजे पाण्यात तरंगणारे चरबीचे असंख्य सूक्ष्म थेंब. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचा पातळ थर असतो, त्यावर विद्युतभार असतो आणि सारखा भार असल्याने थेंब एकमेकांना ढकलत राहतात. साधारण 80 अंशांच्या पुढे ही प्रथिनं उलगडून गोठायला लागतात. आम्ल घातलं तर दुसरंच संकट. सामू, म्हणजे आम्लता मोजणारा pH, 4 च्या आसपास आला की त्यांच्यावरचा भार जवळपास शून्य होतो, थेंब एकमेकांना चिकटतात आणि तेल सुटतं. मी लिंबू आणि उकळी एकाच वेळी दिली होती. थाई करी करताना दूध मुद्दाम असं फोडतात आणि सुटलेल्या तेलात वाटण परततात. तोम खामध्ये मात्र ते नको. चार वाट्या सूपला साधारण 400 मिली दूध आणि जवळपास तेवढंच पाणी घ्यायचं, कुलिंजन-गवती चहा-पानं त्यातच घालायची, आणि कडेला बारीक बुडबुडे दिसतील इतपतच आच ठेवायची.

पाण्याच्या बाजूला मीठ, आंबट, गोड आणि उमामी, म्हणजे मश्रूम किंवा सोया सॉसमध्ये लागते ती भरदार चव. भाज्यांचं सूप करताना खरी पंचाईत इथेच होते, कारण थाई स्वयंपाकात उमामी येतं नाम प्ला या मासळीच्या सॉसमधून. तो नसला की सूप सुवासिक पण पोकळ लागतं, आणि मग लोक उगाच मीठ वाढवत बसतात. उपाय जपानी संशोधकांनी शोधून ठेवला आहे. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं काढलं. अकिरा कुनिनाका यांनी 1957 च्या सुमारास सुक्या शिताके मश्रूममधलं ग्वानिलेट ओळखलं, आणि ही दोन द्रव्यं एकत्र आली की उमामी बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते हे दाखवलं. जिभेवरच्या ग्राहकाची रचना मिटणाऱ्या शिंपल्यासारखी आहे. ग्लुटामेट आत बसतं, शिंपला मिटतो, आणि ग्वानिलेट त्याच्या तोंडाशी बसून तो उघडू देत नाही.

म्हणून ग्लुटामेटसाठी सोया सॉस, ग्वानिलेटसाठी चार-पाच सुके शिताके. शिताके थंड पाण्यात काही तास भिजवायचे आणि त्याच पाण्यात हळूहळू तापवायचे. तापताना मश्रूममधली विकरं (एन्झाइम्स) त्याच्या पेशींमधलं आरएनए तोडून ग्वानिलेट बनवतात. एकदम उकळतं पाणी ओतलं तर विकरंच निकामी होतात. भिजवलेलं पाणी फेकलं तर सगळंच मुसळ केरात.

भाज्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मश्रूम कितीही शिजले तरी गळत नाहीत, कारण त्यांच्या पेशींच्या भिंतीत कायटिन असतं आणि ते उष्णतेला दाद देत नाही. बेबी कॉर्न आणि गाजर आधी, ब्रोकोली अगदी शेवटी. आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटतं आणि हिरवा रंग मेहंदीसारखा मळकट होतो. शिवाय आम्लात भाजी लवकर मऊही होत नाही. लिंबू थांबवून ठेवायला आणखी दोन कारणं.

उरलेलं सूप दुसऱ्या दिवशी उकळू नये, नुसतं गरम करावं. लिंबू आधीच पडलेलं असेल तर ते फुटायला टपलेलंच असतं. मी हल्ली पातेल्यात लिंबू घालतच नाही. वाट्या भरते आणि फोडी शेजारी ठेवते.