शहाद्याचा वनपिंगळा : पक्षी इथे होता, शोध भलतीकडे चालला होता

वनपिंगळा, म्हणजे रानातलं एक लहानसं घुबड, ‘११३ वर्षांनी पुन्हा सापडला’, असं त्याच्याविषयी नेहमी लिहिलं जातं. खान्देशातून पाहिलं तर तो हरवला नव्हताच. सातपुड्याच्या पायथ्याशी, सागाच्या रानात तो राहत होता आणि शोधणारे भलत्याच मुलखात फिरत होते. असं का झालं, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या संवर्धनाची निकड कळत नाही.

डिसेंबर १८७२ मध्ये, आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला हे लहानसं घुबड मिळालं. पुढच्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं वर्णन छापलं आणि त्याला ब्लेविट यांचं नाव दिलं. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. १८७७ मध्ये ओडिशातल्या खरियारकडून आणखी एक नमुना आला. त्यानंतर आला खान्देश. इथे नेमणुकीवर असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० नंतरच्या मोजक्या वर्षांत शहादा-तळोद्याच्या जंगलातून नमुने गोळा केले. पश्चिम खान्देशातल्या पक्ष्यांची यादीही त्यांनी छापली. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याची सातच कातडी (भरून ठेवलेले नमुने) होती आणि त्यांतली बहुतेक खान्देशची. १८८४ नंतर खात्रीची नोंद नाही.

नोंद नव्हती, पण दावा होता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक वनपिंगळा होता. तो १९१४ साली गुजरातमधल्या तापीकाठच्या मांडवीजवळ मिळाल्याचं त्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. सगळ्यांत अलीकडची नोंद हीच, म्हणून नंतरच्या शोधमोहिमांनी तिच्यावर भरवसा ठेवला. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या जाणत्यांच्या प्रयत्नांनाही यश आलं नाही. मधल्या काळात वनपिंगळा म्हणून दाखवलेली छायाचित्रं नेहमीच्या ठिपकेदार पिंगळ्याची निघाली.

१९९० च्या दशकात अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी नायजेल कॉलर यांच्यासोबत संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले. एक्स-रे काढले, आतलं भरण पाहिलं, शिवण पाहिली. मांडवीचा म्हणवला जाणारा पक्षी मुळात डेव्हिडसन यांचाच होता. तो चोरून, उसवून, पुन्हा भरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. संग्रहालयातली चोरी ही काही किरकोळ लबाडी नव्हे. त्या एका चिठ्ठीने कित्येक दशकं शोधाची दिशा चुकवली, आणि त्याच दशकांत खान्देशातलं जंगल झपाट्याने उतरत होतं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त सलतं ते हेच.

खोटी नोंद बाजूला पडल्यावर खऱ्या जागा उरल्या. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडची ठिकाणं धुंडाळली, मग ते खान्देशात आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळ, एका निष्पर्ण झाडावर पक्षी उजेडात बसलेला दिसला. माथ्यावर ठिपके जवळपास नाहीत, छातीवर गडद रंग, पोट पांढरं, पाय जाड आणि पिसांनी झाकलेले. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला.

त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीतर्फे फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी पाहण्या केल्या. तोरणमाळ, तळोदा, मेळघाट आणि मध्य प्रदेशातलं खकनार अशा चार ठिकाणी मिळून त्यांना २५ पक्षी दिसले. पुढे यावलच्या जंगलातही तो आढळला, आणि २०१४ मध्ये थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात. हा पक्षी दिवसाही शिकार करतो. उघड्या फांदीवर बसून खाली नजर ठेवायची आणि सरडा, सापसुरळी किंवा उंदीर दिसला की झेप घ्यायची, ही त्याची रीत. घरटं मात्र झाडाच्या ढोलीत. म्हणजे त्याला विरळ, मोकळी जमीन असलेलं रान लागतं आणि त्यातच जुनी, जाड, ढोलीची झाडंही लागतात. नुसती रोपं लावून ही गरज भागत नाही, कारण ढोली पडायला झाडाचं वय व्हावं लागतं.

तळोद्याचं जंगल तर आधीच दुखावलेलं आहे. सरदार सरोवराच्या विस्थापितांना वसवण्यासाठी १९९० मध्ये तिथलं २,७०० हेक्टर वनक्षेत्र मोकळं केलं गेलं. धरणात घर गेलेल्या भिल्ल-पावरा कुटुंबांना जमीन हवीच होती; त्यांच्याकडे बोट दाखवणं अन्यायाचं आहे. पण डेव्हिडसन ज्या मुलखात फिरले, तिथल्याच रानाचा तुकडा त्यात गेला, हेही खरं. वृक्षतोड, वणवे, शेतातली उंदीरनाशकं आणि घुबडाविषयीची अंधश्रद्धा हे धोके अजून तसेच आहेत.

२०१८ मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने वनपिंगळ्याला ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणलं. नव्या जागी पक्षी दिसले म्हणून हा बदल झाला. जगभरात प्रौढ पक्षी हजारापेक्षा कमीच असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण त्याला आहे. पण त्याची कितीतरी झाडं अभयारण्याबाहेर, राखीव जंगलात आणि गावांच्या शिवेवर उभी आहेत. तिथे ढोलीचं झाड राहणार की तुटणार, हे वनखात्याचा बीटगार्ड आणि गावची ग्रामसभा मिळूनच ठरवू शकतात.